उघडी चिठ्ठी

(रेल्वे स्टेशन, बसस्थानक, हॉटेल, दवाखाना अशा ठिकाणी आज मोफत वाय-फाय मिळते. त्याचा उपयोग अनेकांना होतो. परंतु थोडासा निष्काळजीपणा झाला, तर नुकसानही होते. वडीगोद्री येथील एका शिक्षकाने आपल्या वर्गात घडलेला प्रसंग या पाठात सांगितला आहे. सार्वजनिक वाय-फाय वापरताना कोणती काळजी घ्यावी, हे या पाठातून समजते.)

वडीगोद्री हे जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यातले गाव. सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा महामार्ग आमच्या गावाजवळून जातो. येथूनच जालन्याकडे जाणारा रस्ता फुटतो. त्यामुळे फाट्यावर दिवसरात्र वाहनांची वर्दळ असते. उसाच्या गाड्या, मोसंबीचे टेम्पो, एस. टी. बसेस सतत येत-जात असतात. आमच्या शाळेतील बऱ्याच मुलांचे वडील शेती करतात, काही गाडी चालवतात, तर काही फळांचा व्यापार करतात.

एका सोमवारी मी नववीच्या वर्गात गेलो. नेहमी पहिल्या बाकावर बसणारी एक मुलगी त्या दिवशी शेवटच्या बाकावर बसली होती. तिचा चेहरा उतरला होता. काय झाले होते, ते मला ठाऊक होते. म्हणून मी तिला काही विचारले नाही. मी फळ्याकडे वळलो, तेवढ्यात तीच उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आमच्या घरी जे झाले, ते मी वर्गाला सांगू का? अब्बा म्हणाले, लपवू नकोस."

मी म्हणालो, "सांग बेटा."

ती सांगू लागली. तिचे अब्बा मोसंबीचा व्यापार करतात. शनिवारी ते टेम्पो घेऊन पाचोडच्या बाजारात गेले होते. माल विकला गेला. परत येताना चहा पिण्यासाठी ते रस्त्यावरच्या एका हॉटेलात थांबले. हिशेबाच्या पावतीचा फोटो घरी पाठवायचा होता. पण त्या दिवशीचा मोबाइलचा डेटा संपला होता. त्यांनी फोनमध्ये वाय-फाय शोधले. हॉटेलच्याच नावाचे, पासवर्ड नसलेले वाय-फाय दिसले. त्यांनी ते जोडले. लगेच एक पान उघडले. त्यावर लिहिले होते, 'मोफत इंटरनेट. आपला मोबाइल क्रमांक टाका.' त्यांनी क्रमांक टाकला. थोड्याच वेळात फोनवर सहा अंकांचा एक संदेश आला. पानावर लिहिले होते, 'आलेले सहा अंक येथे टाका.' त्यांनी तेही टाकले. इंटरनेट सुरू झाले. पण व्हॉट्सॲप मात्र बंद पडले. फोन बिघडला असेल, असे समजून ते गाडीत बसले आणि घरी निघाले.

"रात्री अब्बा घरी आले," ती म्हणाली, "आणि लगेच गेवराईहून मामूंचा फोन आला. ते विचारत होते, 'भाईजान, आता तब्येत कशी आहे? पैसे मिळाले ना?' अब्बांना काहीच कळेना. आमच्या घरच्या ग्रुपवर अब्बांच्या नावाने संदेश गेला होता, 'अपघात झाला आहे, दवाखान्यात आहे, ताबडतोब पैसे पाठवा.' मामूंनी आठ हजार रुपये पाठवले होते. अब्बांनी तर कुणालाही संदेश पाठवला नव्हता!"

वर्ग शांत झाला होता.

"मग मी अब्बांचा फोन घेतला," ती पुढे म्हणाली. "सहा अंकांचा तो संदेश अजून त्यात होता. तो इंग्रजीत होता. अब्बांनी विचारले, 'यात काय लिहिले आहे?' मी वाचून सांगितले, 'हा तुमचा व्हॉट्सॲपचा क्रमांक आहे. हा क्रमांक कुणालाही सांगू नका.' अब्बा काहीच बोलले नाहीत. बराच वेळ ते फोनकडे पाहत राहिले."

तिच्या डोळ्यांत पाणी आले. ती खाली बसली.

पुढची हकीकत मी सांगितली. त्या रात्री दहाच्या सुमारास तिच्या अब्बांनी मला फोन केला. मी म्हणालो, "आधी मामूंना १९३० या क्रमांकावर फोन करायला सांगा. उशीर करू नका." १९३० ही सायबर फसवणुकीची तक्रार नोंदवण्याची राष्ट्रीय सेवा आहे. ती २०२१ साली सुरू झाली, तेव्हा तिचा क्रमांक वेगळा होता. तक्रार वेळेवर पोहोचली, तर पैसे ज्या खात्यात गेले असतील, ते खाते गोठवण्याचा प्रयत्न केला जातो. मामूंनी व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम सांगितली. इकडे तिच्या अब्बांनी आपल्याच फोनवर व्हॉट्सॲपची पुन्हा नोंदणी केली. नवा क्रमांक आला. तो टाकताच भामट्याच्या फोनवरचे खाते बंद झाले. नंतर त्यांनी सर्व नातेवाइकांना फोन करून सांगितले, "मी ठीक आहे. माझ्या नावाने पैसे मागितले, तर पाठवू नका."

दुसऱ्या दिवशी तिचे अब्बा त्या हॉटेलात गेले. मालक म्हणाला, "भाऊ, आमच्याकडे वाय-फाय नाहीच!"

हे ऐकून मुले चकित झाली. एका मुलाने विचारले, "सर, हॉटेलात वाय-फायच नव्हते, तर मग नाव दिसले कसे?"

प्रश्न चांगला होता. मी म्हणालो, "चला, आपण एक खेळ खेळू. उत्तर तुम्हांलाच सापडेल."

मी पहिल्या बाकावरच्या मुलाला एक कागद दिला. त्यावर शेवटच्या बाकावरच्या मित्रासाठी निरोप लिहायला सांगितला. चिठ्ठीची घडी घालायची नाही, अशी अट होती. चिठ्ठी हातोहात मागे जाऊ लागली. ज्याच्या हातात ती जाई, तो वाचून हसे. चिठ्ठी शेवटच्या बाकावर पोहोचली, तोपर्यंत सगळ्या वर्गाला निरोप कळला होता. निरोप होता, 'डब्यात काय आणले आहे?'

मी म्हणालो, "वाय-फाय म्हणजे तार नसलेले इंटरनेट. आपला फोन आणि वाय-फायची पेटी रेडिओ लहरींनी एकमेकांशी बोलतात. लहरी काही एका दिशेने, एकाच माणसाकडे जात नाहीत. त्या चहूकडे पसरतात. पासवर्ड नसलेल्या वाय-फायवरून कुलूप न लावता पाठवलेली माहिती ही अशीच उघडी चिठ्ठी असते. जवळपास बसलेला जाणकार माणूस ती वाचू शकतो. २०१० साली अमेरिकेतील एका संगणक तज्ज्ञाने 'फायरशीप' नावाचे एक साधन सर्वांसमोर ठेवले. उघड्या वाय-फायवर बसलेल्या दुसऱ्या माणसाच्या खात्यात शिरणे किती सोपे आहे, हे त्याने दाखवून दिले. तेव्हा अनेक मोठ्या संकेतस्थळांचे डोळे उघडले. त्यांनी आपली सगळी पाने कुलूपबंद करायला सुरुवात केली."

"कुलूपबंद म्हणजे काय, सर?"

मी फळ्यावर वर्णमाला लिहिली आणि दुसऱ्या मुलीला म्हणालो, "तू एक शब्द लिही. पण प्रत्येक अक्षराऐवजी त्याच्या पुढचे अक्षर लिही. ही युक्ती फक्त तुला आणि तुझ्या मैत्रिणीला ठाऊक आहे, असे समजू." तिने चिठ्ठी लिहिली. ती पुन्हा हातोहात गेली. मुलांनी वाचले, 'खयव'. कुणालाच अर्थ लागेना. शेवटी मैत्रिणीने प्रत्येक अक्षराच्या मागचे अक्षर घेतले आणि ती मोठ्याने म्हणाली, "कमल!"

"शाबास!" मी म्हणालो. "यालाच सांकेतिक भाषेत लिहिणे म्हणतात. संकेतस्थळाच्या पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' अशी अक्षरे असली, म्हणजे तुमची आणि त्या संकेतस्थळाची चिठ्ठी सांकेतिक भाषेत जात आहे, असे समजावे. त्यांची भाषा आपल्या खेळापेक्षा कितीतरी अवघड असते. आज बहुतेक संकेतस्थळे ती वापरतात. व्हॉट्सॲपचे संदेशही २०१६ पासून दोन्ही टोकांपर्यंत कुलूपबंद जातात. म्हणून वाटेत चिठ्ठी वाचण्याचा धोका पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाला आहे."

मघाचा मुलगा पुन्हा उभा राहिला. "सर, चिठ्ठी कुलूपबंद होती, तर मग हिच्या अब्बांची फसवणूक कशी झाली?"

"आता खेळाचा तिसरा भाग," मी म्हणालो. मी दोन मुलांना वर्गाच्या दोन कोपऱ्यांत उभे केले. दोघांच्याही हातांत खडूचा रिकामा खोका दिला. दोन्ही खोक्यांवर मी एकच नाव लिहिले, 'शाळेची टपालपेटी'. मग एका मुलीला सांगितले, "तुझी चिठ्ठी शाळेच्या टपालपेटीत टाक."

ती गोंधळली. "सर, खरी पेटी कोणती?"

"तेच तर कळत नाही! वाय-फायचे नाव कुणीही काहीही ठेवू शकतो. आपल्या फोनच्या हॉटस्पॉटलाही आपण हवे ते नाव देतो. भामटा हॉटेलाबाहेर गाडीत बसून हॉटेलचे नाव देऊ शकतो. स्टेशनवर बसून स्टेशनचे नाव देऊ शकतो. आपण जोडलो, की तो आपल्याला हवे ते पान दाखवतो. आपणच त्या पानावर आपली माहिती लिहून देतो. चिठ्ठी वाटेत कुणी फोडली नाही. ती चोराच्याच पेटीत पडली! कुलूप पक्के होते. पण किल्ली आपणच चोराच्या हातात दिली. म्हणून लक्षात ठेवा, कुलपाचे चिन्ह एवढेच सांगते, की चिठ्ठी बंद आहे. ती घेणारा प्रामाणिक आहे, असे ते सांगत नाही."

तिच्या अब्बांच्या बाबतीत हेच घडले होते. त्यांनी पानावर आपला मोबाइल क्रमांक लिहिला, त्याच क्षणी भामट्याने तो क्रमांक आपल्या फोनवरच्या व्हॉट्सॲपमध्ये टाकला. व्हॉट्सॲपने खात्री करून घेण्यासाठी खऱ्या मालकाला सहा अंक पाठवले. वाय-फायचेच अंक आले आहेत, असे समजून त्यांनी ते पानावर लिहिले. भामट्याचे काम झाले.

एक मुलगी म्हणाली, "पण सर, मी अम्मीबरोबर मुंबईला गेले होते, तेव्हा स्टेशनवरच्या वाय-फायनेही मोबाइल क्रमांक मागितला होता. तेही खोटे होते का?"

"असेलच असे नाही," मी म्हणालो. "खरे सार्वजनिक वाय-फायसुद्धा मोबाइल क्रमांक मागते. त्यामागे एक कारण आहे. ते आपल्या महाराष्ट्रातच घडले."

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद शहरात बॉम्बस्फोट झाले. अनेक निरपराध माणसे मृत्युमुखी पडली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल आला होता. तो कोठून आला, याचा शोध घेता घेता तपास अधिकारी नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरापर्यंत पोहोचले. त्या घरात एक परदेशी नागरिक राहत होता. ई-मेल त्याच्या घरच्या इंटरनेटवरून गेला होता. त्याची कसून चौकशी झाली. पुढे उघड झाले, की त्याच्या वाय-फायला संरक्षण नव्हते. बाहेरच्या कुणीतरी त्याचा उपयोग करून घेतला होता. त्यानंतरच्या दोन महिन्यांत मुंबईतील एका महाविद्यालयाच्या आणि एका कंपनीच्या वाय-फायचाही असाच गैरवापर झाला. गुन्हा एकाने केला. पण पोलीस दुसऱ्याच्या दारात उभे राहिले.

"विचार करा," मी मुलांना म्हणालो, "आपल्या घराचे दार रात्रभर उघडे राहिले आणि कुणी आत येऊन आपल्याच फोनवरून धमकी दिली, तर लोक आधी कुणाला विचारतील?"

"आपल्याला!" सगळी मुले एकदम म्हणाली.

या घटनांनंतर केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने फेब्रुवारी २००९ मध्ये इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांना सूचना दिल्या. सार्वजनिक ठिकाणी वाय-फाय देताना वापरणाऱ्याची ओळख नोंदवली जावी, असे ठरले. म्हणून अशा ठिकाणी आपला मोबाइल क्रमांक विचारतात आणि त्यावर आलेले अंक मागतात. पुढे सार्वजनिक वाय-फाय वाढत गेले. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्टेशनवर रेलटेल आणि गूगल यांनी मोफत वाय-फाय सुरू केले. गूगल नंतर या योजनेतून बाहेर पडले, तरी रेलटेलने काम चालू ठेवले. २०२१ पर्यंत देशातील सहा हजार स्टेशनांवर वाय-फाय पोहोचले होते. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने 'पीएम-वाणी' योजनेला मंजुरी दिली. या योजनेत साधा दुकानदारही परवाना न काढता आपल्या दुकानातून वाय-फाय देऊ शकतो.

"म्हणजे अंक मागणे हे खोट्याचे लक्षण नाही," मी म्हणालो. "खराही अंक मागतो आणि खोटाही मागतो. मग दोघांतला फरक कसा ओळखायचा?"

कुणीच बोलेना. शेवटी शेवटच्या बाकावरून हळू आवाज आला, "सर, संदेश वाचून."

ती तीच मुलगी होती.

"अगदी बरोबर!" मी म्हणालो. "अंक कुणी पाठवले आणि कशासाठी पाठवले, हे संदेशातच लिहिलेले असते. वाय-फायसाठी आलेल्या संदेशात वाय-फायचे नाव असते. व्हॉट्सॲपच्या संदेशात व्हॉट्सॲपचे नाव असते. बँकेच्या संदेशात बँकेचे नाव आणि रक्कम असते. आपण फक्त अंक पाहतो, अक्षरे वाचत नाही. चोर नेमका त्याचाच फायदा घेतो. मराठी असो, उर्दू असो की इंग्रजी असो, आलेला संदेश पूर्ण वाचावा. भाषा कळत नसेल, तर ज्याला कळते त्याच्याकडून वाचून घ्यावा. तोपर्यंत अंक कुणालाही देऊ नयेत."

मग आम्ही सर्वांनी मिळून फळ्यावर नियम लिहिले.

१. हॉटेल, दवाखाना किंवा स्टेशन येथे वाय-फाय जोडण्यापूर्वी तेथील कर्मचाऱ्याला त्याचे नेमके नाव विचारावे. सारख्या नावाची दोन वाय-फाय दिसली, तर विचारल्याशिवाय एकही जोडू नये.

२. बँकेचे व्यवहार, परीक्षेची फी, शिष्यवृत्तीचा अर्ज ही कामे सार्वजनिक वाय-फायवर करू नयेत. त्यासाठी स्वतःच्या मोबाइलचा डेटा वापरावा. बातम्या वाचणे, शब्दकोश पाहणे अशी कामे वाय-फायवर करण्यास हरकत नाही.

३. आलेला संदेश पूर्ण वाचल्याशिवाय अंक कोठेही टाकू नयेत. वाय-फायच्या पानाने बँकेच्या कार्डाचा क्रमांक, यूपीआय पिन किंवा आधार क्रमांक मागितला, तर ते पान लगेच बंद करावे.

४. 'ही जोडणी सुरक्षित नाही' अशी सूचना फोनने दिली, तर पुढे जाऊ नये. इंटरनेट सुरू करण्यासाठी एखादे ॲप घ्यायला सांगितले, तर घेऊ नये.

५. काम झाले, की वाय-फाय बंद करावे आणि ते नाव फोनमधून काढून टाकावे. फोन जुने नाव लक्षात ठेवतो. पुढे त्याच नावाचे खोटे वाय-फाय दिसले, तरी तो आपल्याला न विचारता जोडला जाऊ शकतो.

६. व्हॉट्सॲपमध्ये 'द्विस्तरीय पडताळणी' सुरू करून आपला सहा अंकी पिन ठेवावा. म्हणजे संदेशातील अंक दुसऱ्याच्या हाती गेले, तरी पिनशिवाय त्याला खात्यात शिरणे कठीण जाते.

७. घरच्या वाय-फायला आणि फोनच्या हॉटस्पॉटला अवघड पासवर्ड ठेवावा. आपले नाव, जन्मतारीख किंवा मोबाइल क्रमांक पासवर्ड म्हणून ठेवू नये.

८. नातेवाइकाने संदेश पाठवून पैसे मागितले, तर आधी त्याला फोन करून त्याचा आवाज ऐकावा.

९. फसवणूक झाली, तर लाजू नये. ताबडतोब १९३० वर फोन करावा. आलेले संदेश पुसू नयेत. तेच पुरावा असतात.

"सर, चोराला शिक्षा होते का?" एकाने विचारले.

मी सांगितले, "आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली झाला. पुढे त्यात सुधारणा झाल्या. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख चोरणाऱ्याला आणि संगणकाच्या किंवा फोनच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण चोर सापडणे सोपे नसते. म्हणून आधीच सावध राहणे बरे."

काही महिन्यांनी मामूंना पाच हजार रुपये परत मिळाले. तक्रार वेळेवर केल्यामुळे तेवढी रक्कम खात्यात अडवली गेली होती. उरलेले तीन हजार भामट्याने आधीच काढून घेतले होते. ते तिच्या अब्बांनी मामूंना स्वतःच्या खिशातून दिले. मामू घेत नव्हते. पण अब्बांनी ऐकले नाही. ते म्हणाले, "तुम्ही माझ्या नावावर विश्वास ठेवून पैसे पाठवले होते. त्या विश्वासाची भरपाई मलाच केली पाहिजे."

सुरुवातीचे दोन-तीन दिवस ते फाट्यावरच्या चहाच्या टपरीकडे फिरकलेच नाहीत. लोक हसतील, असे त्यांना वाटत होते. मग एका सकाळी ते स्वतःच तेथे गेले आणि घडलेली सगळी गोष्ट त्यांनी सर्वांना सांगितली. कुणी हसले नाही. उलट दोघांनी आपल्याही फसवणुकीची हकीकत सांगितली. लाजेमुळे त्यांनी ती आजवर कुणालाच सांगितली नव्हती.

त्या मुलीने आता घरी एक नवीन काम घेतले आहे. रोज रात्री जेवणानंतर ती अब्बांना दिवसभरातले संदेश वाचून दाखवते. मराठी संदेश आता अब्बा स्वतःच वाचू लागले आहेत. आणि वडीगोद्रीच्या फाट्यावर कुणी फोन वर करून मोफत वाय-फाय शोधू लागला, तर तेच त्याला विचारतात, "भाऊ, अंक नंतर टाका. आधी संदेश वाचला का?"

शब्दार्थ

वर्दळ – सतत ये-जा, आमदरफ्त
निष्काळजीपणा – बेफिकिरी
हकीकत – घडलेली गोष्ट, माजरा
भामटा – फसवणारा, ठग
खाते गोठवणे – खात्यातील व्यवहार थांबवणे
सांकेतिक भाषा – खुणेची, गुप्त भाषा
प्रामाणिक – ईमानदार
निरपराध – ज्याचा गुन्हा नाही असा, बेगुनाह
पडताळणी – खात्री करून घेणे, तसदीक
पुरावा – सबूत
सोंग घेणे – दुसऱ्याचे रूप घेणे, भेस बदलणे
भरपाई – झालेले नुकसान भरून देणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुलीचे अब्बा पाचोडच्या बाजारात कशासाठी गेले होते?
(आ) सहा अंकांच्या संदेशात काय लिहिले होते?
(इ) सायबर फसवणुकीची तक्रार कोणत्या क्रमांकावर करतात?
(ई) मुंबई सेंट्रल स्टेशनवर मोफत वाय-फाय केव्हा सुरू झाले?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) उघड्या वाय-फायला शिक्षकांनी 'उघडी चिठ्ठी' का म्हटले?
(आ) कुलपाचे चिन्ह काय सांगते व काय सांगत नाही?
(इ) सानपाडा येथील नागरिकाची चौकशी का झाली?
(ई) अब्बांनी मामूंना तीन हजार रुपये का दिले?

प्र. ३. कोण, कोणास म्हणाले?
(अ) "लपवू नकोस."
(आ) "आमच्याकडे वाय-फाय नाहीच!"
(इ) "सर, खरी पेटी कोणती?"
(ई) "सर, संदेश वाचून."

प्र. ४. कारणे लिहा.
(अ) काम झाल्यावर वाय-फायचे नाव फोनमधून काढून टाकावे.
(आ) फसवणुकीनंतर आलेले संदेश पुसू नयेत.

प्र. ५. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
चेहरा उतरणे, डोळे उघडणे, फायदा घेणे, मृत्युमुखी पडणे.

प्र. ६. पुढील मराठी शब्द उर्दूतही थोड्या फरकाने आढळतात. त्यांचे उर्दू रूप आपल्या वहीत उर्दू लिपीत लिहा.
मोफत, हिशेब, तब्येत, बाजार, हकीकत.

प्र. ७. अधोरेखित करण्यायोग्य क्रियापदे शोधा व वाक्ये भविष्यकाळात लिहा.
(अ) मुलीने संदेश वाचला.
(आ) मामूंनी पैसे पाठवले.
(इ) अब्बा टपरीवर गेले.

प्र. ८. पाठातील युक्तीप्रमाणे, प्रत्येक अक्षराऐवजी पुढचे अक्षर घेऊन 'नगर' हा शब्द लिहा.

उपक्रम : आपल्या घरातील मोठ्या माणसांच्या परवानगीने त्यांच्या फोनवर आलेले तीन संदेश वाचा. संदेश कुणी पाठवला आणि कशासाठी पाठवला, ते मराठीत वहीत लिहा. संदेशातील अंक मात्र वहीत लिहू नका.